मोडायचं नाही असं नाणं

मराठीत नोट मोडतात, रुपया मोडतात, अडीअडचणीला दागिना मोडतात. लग्नही मोडतं, संसार मोडतो, दिलेला शब्द मोडतो. सुट्या पैशांना तर आपण सरळ 'मोड' म्हणतो. उलट जो रुपया चार-आठ आण्यांत विखुरलेला नाही तो 'बंदा' रुपया. आणि ज्याच्या सचोटीबद्दल कुणाला शंका नाही, अशा माणसालाही 'बंदा रुपया' म्हणण्याची रीत आहे. पैशासाठी आणि नात्यासाठी भाषेने एकच क्रियापद राखून ठेवावं, यामागे काही विचार आहे असं मला वाटतं. लग्नघरात नाणं कुठे कुठे भेटतं ते पाहा. कलशाच्या पाण्यात सुपारीबरोबर, विड्याच्या पानांवर, नवरीच्या ओटीत तांदूळ, हळकुंड आणि खणानारळाबरोबर, ओवाळणीच्या तबकात, आहेराच्या पाकिटावर बाहेरून चिकटवलेलं. यातल्या कुठल्याच ठिकाणी त्या नाण्याने काही विकत घेतलं जात नाही. माझं म्हणणं असं की नाणं शुभ होतं ते याच कारणाने. त्याला बाजारातून बाजूला काढलेलं असतं, आणि ते मोडायचं नाही असं घरातल्या सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं असतं. त्यातलं सोनं, त्यावरचा देव, त्याची किंमत या गोष्टी त्या ठरावाला बळ देतात; पण ठराव त्यांच्यामुळे होत नाही.

हे म्हणणं तपासून पाहायला रायगडच्या किनाऱ्यासारखी जागा सापडणं कठीण. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या या पट्टीत दोन हजार वर्षं परदेशी नाणी उतरत आली. 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-वृत्तांतात सेमुल्ला म्हणून येणारं बंदर म्हणजे चौल. शेजारी रेवदंड्याला पोर्तुगीजांचं ठाणं, समोर कोर्लईचा किल्ला, दक्षिणेला सिद्दींचा जंजिरा, उत्तरेला आंग्र्यांचं अलिबाग, आणि वर डोंगरात तो रायगड, जिथे १६७४ साली राज्याभिषेक झाला आणि 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर आली. आंग्र्यांचा तर स्वतःचा चांदीचा 'अलिबागी रुपया' होता. कोळी, आगरी, ब्राह्मण, कोकणी मुसलमान, बेने इस्रायल, कोर्लईचे ख्रिस्ती, अशी माणसं शेजारी शेजारी नांदली. नाणी इतक्या राजांची आणि लग्नं इतक्या धर्मांची असताना शुभ नाण्याची कल्पना जर एकाच आकाराची निघाली, तर तिचं कारण राजात किंवा धर्मात शोधून भागणार नाही.

सुरुवात पुतळीपासून करायला हवी, कारण तिच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. पुतळ्यांची माळ आज आपण अस्सल मराठी दागिना मानतो. ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ यांच्या पंगतीत ती बसते. पण पेशवाईतल्या कागदपत्रांत पुतळी हे होन आणि मोहरांप्रमाणे मोजलं जाणारं सोन्याचं नाणं आहे, आणि त्या नाण्याचं मूळ गाव व्हेनिस. १२८४ साली त्या समुद्री गणराज्याने सोन्याचं डुकाट पाडायला सुरुवात केली. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोनं त्या काळी शक्य होतं तितकं शुद्ध. १७९७ मध्ये नेपोलियनने ते राज्य बुडवलं तोपर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षं, नाण्याचं वजन, कस आणि चित्र जवळजवळ तेच राहिलं. मिरी, कापड आणि नीळ घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यांकडे युरोपातला विकण्याजोगा माल फारसा नसे, म्हणून सोनंच यावं लागे. ते कैरो, तांबडा समुद्र, एडन या वाटेने गुजरात आणि कोकणच्या बंदरांत पोचे. सीझर फेदेरिची हा व्हेनिसचाच व्यापारी १५६३ मध्ये पूर्वेकडे निघाला, आणि त्याच्या प्रवासवर्णनात चौल येतं ते दोन शहरांचं म्हणून: एक पोर्तुगीजांचं, एक मुसलमानांचं. त्याच्या गावचं नाणं मात्र त्याच्याही कितीतरी आधी इथे येऊन रुळलं होतं.

या नाण्याच्या एका बाजूला दोन माणसं आहेत. डावीकडे उभा आहे तो संत मार्क, उजवीकडे त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, आणि दोघांच्या मधे निशाणाची उंच काठी. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात आशीर्वाद देणारा येशू. आपल्याकडच्या लोकांना यातलं काय दिसलं? बाहुल्या. म्हणून ती पुतळी. केरळ-तमिळ मुलखात हेच नाणं 'शानार कासु' झालं, कारण तिथल्या डोळ्यांना ती काठी माडाच्या खोडासारखी दिसली आणि शेजारचा माणूस माडी काढायला चढणाऱ्या शानारासारखा. प्रत्येक किनाऱ्याने आपल्या अंगणातलं चित्र त्यात पाहिलं. नावापुरता एक धागा उलटाही जातो. व्हेनिसच्या टांकसाळीला इटालियनमध्ये 'झेका' म्हणत, तो शब्द अरबी 'सिक्का'वरून आलेला. झेकातलं नाणं ते 'झेकिनो', त्याचं फ्रेंच-इंग्रजीत 'सीक्विन' झालं, आणि आज सीक्विन म्हणजे घागऱ्यावर शिवायची चमचमती टिकली. आपण 'सिक्का' म्हणतो तोच शब्द युरोप फिरून टिकली होऊन परत आला. इथेही नाण्याचा प्रवास अंगावर घालायच्या वस्तूकडेच झाला आहे.

पहिला आक्षेप इथेच येतो. नाणं शुभ असतं ते त्यावरच्या देवामुळे, असं पुष्कळांना वाटतं. लक्ष्मीपूजनात नाण्यांची पूजा होते, आजच्या सराफाकडे मिळणाऱ्या पुतळीवर बहुधा लक्ष्मीच असते, तेव्हा हे म्हणणं वरवर खरं वाटतं. पण काळाचा क्रम उलटा आहे. पुतळी गळ्यात आली तेव्हा तिच्यावर लक्ष्मी नव्हती. परधर्मातला एक संत होता, ज्याचं नाव पुतळी घालणाऱ्या बाईला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. इथल्या कारागिरांनी पुढे पुतळ्यांच्या नकला पाडल्या, तेव्हा लॅटिन अक्षरांच्या नुसत्या उभ्या-आडव्या रेघा उरल्या आणि माणसांच्या बाहुल्या आणखी ओबडधोबड झाल्या. तरी पुतळीचा मान घटला नाही. लक्ष्मी त्या चकतीवर आली ती नंतर, आधीच शुभ ठरलेल्या जागेवर. दिवाळीच्या पूजेत पिढ्यान्‌पिढ्या जपलेला 'राणीछाप' रुपया पाहा. सुमारे ११.६६ ग्रॅमच्या त्या चांदीवर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आहे, आणि तिला कुणी देवी मानलेलं नाही. पूजा मुखवट्याची नव्हे, आजीने राखून ठेवलेल्या रुपयाची होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. सगळा मान सोन्या-चांदीचा आहे, नाण्याचा नाही, असं सरळ हिशेबी माणूस म्हणेल. सोन्याची गोल चकती गळ्यात घातली, ती नाणं असली काय आणि नसली काय? याचं उत्तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या मातीत मिळतं. सातवाहनांच्या काळात भरभराटीला आलेल्या या गावी आणि तेलंगणातल्या कोंडापूरसारख्या ठिकाणी भाजक्या मातीच्या छोट्या चकत्या सापडल्या आहेत. रोमन नाण्यांवरून ठसा घेतलेल्या, आणि दोऱ्यात ओवायला कडी किंवा भोक असलेल्या. मातीचं नाणं! त्याने बाजारात काही मिळणार नव्हतं, ते वितळवून काही हाती येणार नव्हतं. ते गळ्यात घालणाऱ्याला धातू नको होता. राखलेल्या नाण्याची खूण हवी होती, आणि सोनं परवडत नव्हतं म्हणून ती मातीत घेतली गेली, असाच अर्थ मला त्यातून निघताना दिसतो. आपल्या घरांतही याचे धागे आहेत. शिवराई तांब्याची, पण ती कितीतरी देव्हाऱ्यांत आजही आहे. १९४३ ते १९४७ या युद्धाच्या आसपासच्या वर्षांत सरकारने धातू वाचवण्यासाठी मधे मोठं भोक असलेला पैसा काढला, आणि आयांनी तो लगेच तान्ह्या पोरांच्या करदोट्यात ओवला. हा भोकाचा पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. सराफाकडे न जाता मिळालेला ताईतच तो.

तांब्याच्या बाबतीत एक शास्त्रीय वाटणारं स्पष्टीकरण हल्ली फार फिरतं: पूर्वज हुशार होते, तांब्याने पाणी शुद्ध होतं, म्हणून कलशात आणि नदीत तांब्याचं नाणं टाकत. तांब्याच्या भांड्यात तासन्‌तास ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात, एवढं खरं. पण कुंडलिकेच्या खाडीत रेल्वेच्या पुलावरून भिरकावलेल्या एका नाण्याने त्या पाण्यात काय होणार? आणि कलशातलं नाणं चांदीचं असो, निकेलचं असो, की आजचं पोलादाचं, विधीला कधी काही अडलेलं नाही. पूर्वजांच्या शहाणपणाचा मला आदर आहे, म्हणूनच त्याला खोटा आधार द्यावासा वाटत नाही. जी गोष्ट परत घ्यायची नाही ती पाण्याला द्यायची, हा त्यातला भाव पुरेसा सुंदर आहे.

नाण्याची किंमत गौण आणि नाणं असणं महत्त्वाचं, हा विचार याच किनाऱ्यावरच्या एका समाजाच्या धर्मशास्त्रात फार स्पष्ट शब्दांत आहे. अलिबागजवळचं नवगाव ही बेने इस्रायल या ज्यू समाजाची आद्य भूमी मानली जाते. जहाज फुटून वाचलेले त्यांचे पूर्वज तिथे किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. किहिमकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर ही त्यांची आडनावं म्हणजे या तालुक्यांचा नकाशाच. ज्यू विवाहाचे मूळ नियम ज्या 'मिश्ना' ग्रंथात आहेत, त्यात वाग्दान पैशाने करता येतं, आणि किती पैशाने यावर दोन गुरुघराण्यांचा वाद नोंदलेला आहे. शम्माईंचे शिष्य म्हणाले, निदान एक दीनार. हिल्लेलचे शिष्य म्हणाले, एक पेरुता पुरे. पेरुता म्हणजे तांब्याचं सर्वांत हलकं नाणं. एका दीनारात असे १९२ पेरुते मानले जात. मान्यता मिळाली ती हिल्लेलच्या मताला. पुढे नाण्याची जागा अंगठीने घेतली, पण नियम तसाच राहिला. दीनार मागणाऱ्यांना वधूचा मान किमतीत दिसत होता. पेरुता पुरे म्हणणाऱ्यांना उमगलं होतं की इथे किंमत चुकती होतच नाही. दिल्या-घेतल्याची खूण तेवढी हवी. स्पेन, मेक्सिको आणि फिलिपिन्सच्या कॅथलिक लग्नांत वर वधूच्या ओंजळीत तेरा नाणी ओततो, तीही खर्चायची नसतात, संसारभर जपायची असतात.

लग्नाबाहेर, सणातही हेच दिसतं का ते पाहायला आता नाताळकडे वळू. रायगडच्या किनाऱ्याला नाताळ परका नाही. कोर्लईच्या पायथ्याच्या वस्तीत १७४० साली पोर्तुगीज सत्ता मराठ्यांच्या हाती गेल्यानंतरही ख्रिस्ती कुटुंबं राहिली, आणि पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून घडलेली त्यांची बोली आजही बोलली जाते. पण नाताळातलं शुभ नाणं पाहायला इंग्लंडात जावं लागतं. तिथल्या नाताळच्या पुडिंगात चांदीचं छोटं नाणं घालून ते शिजवत. आधी तीन पेनीचं, मग सहा पेनीचं. ज्याच्या घासात ते येईल त्याचं वर्ष चांगलं. हेच सहा पेनीचं नाणं नवरी लग्नाच्या दिवशी डाव्या बुटात ठेवी. म्हणजे सण आणि लग्न दोन्हीकडे एकच नाणं. या नाण्याचं पुढे काय झालं ते आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं आहे. १५५१ मध्ये सुरू झालेल्या या नाण्यातली चांदी १९२० मध्ये निम्म्यावर आली, १९४७ मध्ये पार गेली, आणि ३० जून १९८० नंतर ते चलन म्हणूनही उरलं नाही. देवाचं चित्र कधीच नव्हतं, धातू गेला, किंमत गेली. आणि तरी नवऱ्या ते बुटात घालतात, घरं ते पुडिंगासाठी डब्यात जपतात. बऱ्याच घरांत जेवणानंतर पोरांकडून सापडलेलं जुनं नाणं परत घेऊन त्यांना चालणारं नाणं द्यायची पद्धत होती, म्हणजे पुढच्या वर्षी तेच वापरता येई. खर्चायचं नाणं वेगळं आणि शकुनाचं वेगळं, हा भेद त्या अदलाबदलीत लहान मुलालाही कळावा इतका उघड आहे. ग्रीक घरांत संत बेसिलच्या नावाने १ जानेवारीला कापल्या जाणाऱ्या केकमध्ये नाणं असतं, सर्बियात नाताळच्या भाकरीत. सापडलेलं नाणं बरेच जण वर्षभर पाकिटात तसंच सांभाळतात. आपल्याकडे लग्नानंतर तांदळात किंवा रंगीत पाण्यात लपवलेली अंगठी नवरा-नवरीने शोधायची असते, तिची इथे आठवण यावी. हाती आलं ते पुढच्या दिवसांचं चिन्ह, आणि ते कुणी विकायला नेत नाही.

नाताळच्या नाण्यांमागे जी जुनी गोष्ट सांगतात, ती लग्नाचीच आहे हे फारसं लक्षात घेतलं जात नाही. चौथ्या शतकातल्या मायरा शहराचा बिशप निकोलस, ज्याच्यावरून पुढे सांताक्लॉज झाला, त्याच्या कथेत एका गरीब बापाला तीन मुली असतात. हुंड्याला पैसा नाही म्हणून त्यांची लग्नं होत नाहीत, आणि त्या विकल्या जाण्याची वेळ येते. निकोलस रात्री खिडकीतून सोन्याच्या तीन थैल्या टाकतो. वाळत घातलेल्या मोज्यांत ते सोनं पडलं, असं काही जण सांगतात, आणि म्हणून मोजे टांगायचे. नेदरलँड्समध्ये डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलांना सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी मिळतात तीही त्याच्याच सणाला. ही गोष्ट वाचताना मराठी वाचकाच्या मनात अस्वस्थता येणारच. कारण इथून तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो नैतिक आहे. लग्नातलं नाणं शुभ, पवित्र, खुणेपुरतं, असं कौतुक करताना आपण हुंड्याला सोज्वळ पडदा तर देत नाही ना?

हा आक्षेप मी पूर्णपणे गंभीर मानतो. शकुनाच्या नावाखाली गाड्या आणि तोळे मागितले जातात. १९६१ च्या कायद्याने हुंडा गुन्हा ठरला, तरी मागणी 'तुमच्या हौसेनं' या शब्दांआड टिकली. पण म्हणूनच दोन पैशांमधला फरक धूसर होऊ न देणं गरजेचं आहे. हुंडा मोजला जातो, कमी पडला म्हणून बोलला जातो, आणि मिळाला की वराच्या घरी मोडला जातो, धंद्यात, घरात, दुसऱ्या मुलीच्या लग्नात. शुभ नाणं कुणी मोजून घेत नाही आणि कमी पडलं असं म्हणत नाही. ओटीत रुपया होता की पाच रुपये यावरून सासर कधी रुसलेलं नाही. ज्या क्षणी 'किती' हा प्रश्न येतो, त्या क्षणी ते नाणं शकुनाचं राहत नाही. निकोलसच्या थैल्या हुंडाच होत्या. त्या थैल्यांमधून शेवटी मुलांच्या हाती चॉकलेटची नाणी उरली, जी कुणाच्या हिशेबात धरता येत नाहीत, हे मला त्या कथेचं सर्वांत भलं रूपांतर वाटतं.

हुंड्यापासून स्त्रीधन वेगळं काढलं की चौथा आक्षेप समोर येतो, आणि तो सर्वांत खोल आहे. पुतळ्यांची माळ म्हणजे गळ्यातली बँक होती, असं म्हणणाऱ्यांचं काय? बाईच्या नावावर जमीन नाही, खातं नाही, तेव्हा सोन्याचं नाणं हाच तिचा आधार; एकेक पुतळी काढून विकता येते, म्हणूनच नाण्यांची माळ. मग मोडता येणं हाच तिचा गुण झाला, न मोडणं नव्हे. यात बरंच तथ्य आहे. पण किनाऱ्यावरचं कोळी घर हा प्रश्न कसा सोडवतं ते पाहावं. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या शाकारून वर ओढलेल्या. नारळी पौर्णिमेला सोन्याच्या वर्खाचा नारळ समुद्राला देऊन नवा हंगाम धरायचा, तर डिझेल, जाळी, बर्फ यांना आधी पैसा हवा. त्यासाठी कोळणीच्या अंगावरचं सोनं सावकाराकडे किंवा बँकेत जातं. जातं ते 'गहाण', 'मोड' नाही. हंगाम लागला की ते सोडवून आणायचं असतं. गहाण आणि मोड या दोन शब्दांत व्याजाचा तोटा सोसूनही घर फरक करतं. निव्वळ हिशेबाने पाहिलं तर कधी कधी विकणं स्वस्त पडेल. तरी माळ अखंड परत यावी म्हणून माणसं व्याज भरतात, आणि या व्याजाला मी न मोडण्याची किंमत म्हणतो. आधार म्हणून सोनं उपयोगी पडतं ते खरं, पण ते इतकी वर्षं टिकून आधाराला उरतं, कारण एरवी त्याला हात लावायचा नाही असं ठरलेलं असतं. आणि मोडायची वेळ आलीच, तर ती कुणी मोडायची? १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधनावर पूर्ण मालकी पत्नीची, पती ते सांभाळत असेल तर केवळ विश्वस्त म्हणून. कायद्याने हे म्हणावं लागलं, कारण कितीतरी माळा तिला न विचारता मोडल्या गेल्या होत्या. मालकीण सोडून दुसऱ्याने मोडलेल्या पुतळीला घरात अपशकुन मानत, त्या समजुतीत कायद्याच्या आधीचा न्याय होता.

आणखी एक शंका उरते. ओटीतला रुपया, विड्यावरचा पैसा, हे तर दुसऱ्या दिवशी वाण्याकडे जातातच की. यातले काही जातात. विड्याबरोबर गुरुजींना दिलेली दक्षिणा खर्चायसाठीच असते. पण तिला कुणी शकुनाचं नाणं म्हणत नाही, ती पुण्याची, ऋण फेडण्याची. ओटीचा रुपया मात्र पुष्कळ बायका वेगळा ठेवतात, पुढच्या सवाष्णीची ओटी भरताना तोच घालतात. तो फिरतो, पण ओटीतून ओटीत फिरतो. बाजाराच्या रस्त्याला लागत नाही. आणि लागलाच तर त्याचा शकुन तिथे संपला, एवढंच. नाणं जन्मभर शुभ राहावं अशी कुठलीही अट मी मांडत नाही. शकुन टिकतो तो ते बाजूला असेतो. प्राचीन 'निष्क' हा शब्द पुतळीच्या उलट दिशेने गेला: ऋग्वेदात तो गळ्यातला सुवर्णालंकार आहे, आणि पुढच्या संस्कृत वाङ्मयात मोजायचं नाणं. गळा आणि बाजार यांच्यामध्ये सोन्याने दोन्ही दिशांनी ये-जा केली आहे. गळ्यात असताना ते मंगल, बाजारात असताना ते मोल.

सव्वा रुपयाची कहाणी यात शेवटची जोडायला हवी. शुभकार्यात पूर्ण आकडा द्यायचा नाही, त्यावर थोडं वर ठेवायचं, ही जुनी रीत. एक रुपया आणि वर पावली, म्हणजे चार आणे. देणं इथे संपलं नाही, अजून काही यायचं आहे, हे त्या पावलीने सांगायचं.   १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि आणे गेले, पण पावली पंचवीस पैसे होऊन टिकली. ३० जून २०११ ला पंचवीस पैसेही चलनातून बाद झाले. आता सव्वा रुपया नाण्यांत देता येत नाही. तरी संकल्पाला, नवसाला, सत्यनारायणाला आजही तोंडात शब्द 'सव्वा'च येतो, आणि वरचा तुकडा आता रुपयाचा झाला: अकरा, एकवीस, एकावन्न, एकशे एक, पाचशे एक. आहेराच्या पाकिटाचे कारखानदार त्यासाठी कागदावर आधीच एक रुपयाचं नाणं चिकटवून पाकिटं विकतात. पोलादाचं हलकं नाणं ते, त्याच्या रुपयात चहाही येत नाही. नवरा-नवरी पाकिटं फोडतात, आतल्या नोटा मोजतात, वहीत नाव लिहितात, नोटा बँकेत भरतात. चिकटवलेला रुपया मात्र त्या हिशेबाला धरत नाहीत, तो कागदासकट डब्यात पडून राहतो. हल्ली पुष्कळ आहेर मोबाईलवरूनच पाठवले जातात, आणि तिथेही लोक पाचशे नव्हे, पाचशे एकच रुपये टाकतात. हातात धरायला नाणं नाही, डब्यात ठेवायला काही नाही, पण तो वरचा एक कुणी गाळत नाही.